घराकडेन एक मनीस जाय

‘घराकडेन एक मनीस जाय.’ घराकडे एक माणूस हवं. मे महिन्यात सकाळी गाडीची चावी खुंटीवरून निघाली की आमच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्या माझ्या सासूबाई. आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो. त्या कोंकणीत बोलतात, मी बहुतेक वेळा मराठीत उत्तर देते. गोव्यातल्या बोरी गावच्या आमच्या घरात या दोन्ही भाषा एका पंगतीला बसतात. लग्न होऊन सोळा वर्षं झाली. सोळाही वर्षं मी हे वाक्य ऐकलं, ‘बरं तर, दिवेलागणीपर्यंत येतो’ म्हटलं आणि गाडीत जाऊन बसले.

यंदाचा मे तर नुसता धावपळीचा गेला. पुण्याहून नणंद दोन मुलांना घेऊन महिनाभर राहायला आली होती. माझी दोन धरून चार. 2025 पासून गोव्यात सहावीपासून पुढच्या वर्गांचं नवं वर्ष एप्रिलातच सुरू होऊ लागलं, त्यामुळे माझी थोरली नव्या पुस्तकांना कव्हरं घालूनच सुट्टीवर आली. चार मुलं, एक अंगण, एक आंब्याची आढी आणि दिवसभर चाललेलं ‘आज कुठे जायचं?’ सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणं घालेपर्यंत घरात शांतता म्हणून नव्हती आणि मला ती नकोही होती.

घराला मात्र मेमध्ये सुट्टी नसते. पुरुमेंत असतं. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी करायची ती याच महिन्यात. शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’वरून आला म्हणतात, पण हे काम पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या बायका करत आल्या असणार. उकडे तांदूळ, आगरातलं मीठ, चिंचेचे गोळे, भिरंडाची म्हणजे कोकमाची सोलं, सुके बांगडे, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, काणकोणकडची खोल्याची मिरची, पापड, मिठाच्या पाण्यात चेपून ठेवलेल्या कोवळ्या कैऱ्या, आंब्याची आणि फणसाची साटं, म्हणजे वाळवलेल्या रसाच्या पोळ्या. एकदा पाऊस धारेला लागला की नद्या फुगायच्या, होड्या बंद, समुद्र बंद, बाजार बंद. आजही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि ताजी मासळी ताटातून जवळजवळ नाहीशी होते. मग हुमणाच्या, म्हणजे मासळीच्या आमटीच्या जागी सुक्या सुंगटांची किसमूर, म्हणजे कोरडी कोशिंबीर येते. पिशवीतलं पुरुमेंत बारा महिने दुकानात मिळतं, हे मला ठाऊक आहे. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी तसं बोललेही होते. आईंनी उत्तर दिलं नाही. जुलैत एका दुपारी दुकानातल्या सोलांची कढी आणि घरच्या सोलांची कढी अशा दोन वाट्या माझ्यासमोर ठेवल्या. त्यानंतर मी तो विषय पुन्हा काढला नाही.

गेल्या वर्षी, 2025 मध्ये, मे संपायच्या आतच पाऊस कोसळू लागला आणि आमची अर्धी सोलं बुरसली. त्याचा धसका आईंनी घेतला होता. म्हणून यंदा त्यांनी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातच भिरंडं उतरवून घ्यायला सुरुवात केली.

सोलं करताना मी आईंचे हात पाहत बसते. लालजांभळं पिकलेलं फळ आदोळीवर म्हणजे विळीवर एका फटक्यात उभं चिरायचं, अंगठ्याने आतला गर बियांसकट परातीत ढकलायचा, साल सुपात टाकायची. एक फळ, दोन क्षण. गरावर मीठ पसरलं की त्याला गडद लाल पाणी सुटतं. सालं उन्हात वाळवून संध्याकाळी त्या पाण्यात बुडवायची, रात्रभर मुरवायची, सकाळी पुन्हा उन्हात. याला पूट देणं म्हणतात. अशी पाच-सहा पुटं झाली की लाल साल काळीभोर, मऊ आणि चिवट होते, बोटांत धरली तर वाकते पण मोडत नाही. बियाही फुकट जात नाहीत. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तूप तरंगतं. ते गोळा करून मुठीने दाबलं की भिरंडेलाचा पिवळट गोळा तयार होतो. आमच्याकडे टाचेची भेग असो की भाजल्याचा चट्टा, पहिला हात या गोळ्याकडे जातो. मेच्या पहिल्या आठवड्यापासून आईंची बोटं नखांपर्यंत लाल असतात. कुणाच्या मुंजीला, लग्नाला जायचं म्हटलं की त्या हात पदराखाली घेतात. मला त्या हातांकडे बघून अभिमान वाटतो, पण हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नव्हतं.

सोळा वर्षांत मला एक गोष्ट नीट कळली नव्हती. अंगणात पसरलेल्या प्रत्येक वस्तूचं ऊन वेगळं असतं. पापडांना सकाळचं कोवळं ऊन. बाराच्या उन्हात राहिले तर कडा तडकतात. मिरचीला टळटळीत ऊन, आणि दर तासाला हात फिरवून उलटवणं. साटांना ऊन चालतं, माशी चालत नाही. म्हणून वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, चार कोपऱ्यांना चार दगड. सुंगटांवर मांजर. पापडांवर कावळे. सोलं दव पडायच्या आत आत घ्यायची. शेजारच्या कोंबड्या कुठल्याही वेळी येतात. आईंचं ते वाक्य राखणीपुरतं नव्हतंच, त्यात दिवसभराचं सगळं वेळापत्रक होतं. आम्ही ते ऐकून गाडीत बसायचो.

आणि आम्ही खूप फिरलो. कोलव्याला पहाटे साडेपाचला गेलो. वाळू अजून थंड होती, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे लोक दोराला लागले होते, आणि पुण्याच्या भाच्याने त्यांच्यासोबत दोर ओढून दोन बांगडे मिळवले. ते त्याने गाडीत मांडीवर धरून आणले, कुणाला हात लावू दिला नाही. तांबडी सुर्लाला गेलो. कदंबांच्या काळातलं ते महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ जंगलात इतकं एकटं उभं आहे की चारही मुलं आपोआप हळू आवाजात बोलू लागली. मागच्या ओढ्यात गुडघाभर पाणी होतं, मग आवाज पुन्हा वाढले. मडगावात पुरुमेंताच्या फेस्ताला म्हणजे जत्रेला गेलो, होली स्पिरिट चर्चच्या आवारात. मिरच्यांचे ढीग, कांद्याच्या माळा, सुक्या मासळीचा तो वास, कोयते, आदोळ्या, केरसुण्या. आईंनी यादी लिहून दिली होती आणि मिरच्या कशा पारखायच्या तेही शिकवलं होतं: देठ हिरवट असेल तर घ्यायची नाही, मुठीत धरून हलवली की बिया वाजल्या पाहिजेत. मी भर बाजारात प्रत्येक ढिगाऱ्यापाशी मिरच्या कानाशी धरून हलवत होते.

घरी आंब्यांचा वेगळाच उत्सव. मानकुरादाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे नावही पोर्तुगीजांचं, ‘माल कोराद’, रंग नीट न चढलेला. साल खरंच साधी, पिवळट, कुठे काळे ठिपके. पण देठाजवळ नाक नेलं की डोळे मिटतात. हंगामाच्या सुरुवातीला डझनाची किंमत हजारांत असते, तेव्हा आम्ही त्याच्याकडे बघतही नाही. मेच्या मध्यावर परसातलं झाड आणि बाजार दोन्ही उदार होतात. पेंढ्यातली आढी रोज सकाळी कुणी उघडायची यावरून मुलांत भांडणं. शेवटी वार वाटून दिले. पिकलेली घोटं, म्हणजे छोटे रायवळ आंबे, मात्र मोजायची नसतात. आई त्यांचं सासव करतात: ओलं खोबरं, लाल मिरची, मोहरी वाटून, गूळ घालून, त्यात सोललेली घोटं अख्खी. भात संपतो, कोय तोंडात राहते. पुण्याची भाची अर्धा तास एक कोय चोखत ओसरीवर बसली होती. हातावरून रस कोपरापर्यंत आलेला, आणि चेहऱ्यावर अशी तंद्री की मी तिला पान घ्यायला उठवलंच नाही.

महिन्याच्या मध्याला म्हार्दोळला नात्यात मुंज होती. आम्ही सगळे गेलो, आई घरी. सोलांचं दुसरं पूट होतं. पंगत उठल्यावर मांडवात एक वृद्ध बाई माझ्याजवळ आल्या. नार्वेच्या, म्हणजे आईंच्या माहेरच्या गावच्या. म्हणाल्या, ‘सासू कशी आहे गं तुझी? देवळाचं काम सुरू व्हायच्या आधी दिसली होती. नवं झालेलं देऊळ बघायलासुद्धा आली नाही.’

मी पटकन म्हणाले, ‘घराकडे एक माणूस लागतं ना.’

वाक्य माझ्या तोंडातून आलं आणि मला कसंसंच झालं. आईंच्या तोंडी ते वाक्य म्हणजे त्यांनी उचललेला भार होता. माझ्या तोंडी ते मी त्यांच्यावर टाकलेला भार झाला होता. नार्वेचं सप्तकोटेश्वराचं देऊळ जीर्णोद्धारानंतर 2023 मध्ये पुन्हा खुलं झालं. बोरीहून नार्वे म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. फोंड्यावरून बाणस्तारी, जुनं गोवें, मग दोन फेरीबोटी. सकाळी निघालं तर संध्याकाळच्या चहाला घरी. तीन वर्षांत आम्ही कुठे कुठे गेलो, आणि त्यांना त्यांच्याच माहेरच्या देवाकडे नेलं नाही. परतीच्या वाटेवर मी नणंदेला हे सांगितलं. ती बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, ‘वहिनी, मी तिची मुलगी. मलाही सुचलं नाही.’

आईंना तयार करणं सोपं नव्हतं. आधी सोलांचं कारण, मग गुडघ्याचं, मग ‘इतक्या जणांत मी कशाला, मुलांना मोकळं बसू दे’. शेवटी मी कार्यालयातून एक दिवसाची रजा टाकली आणि म्हटलं, ‘घराकडे माणूस मी.’ त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. नंतर दोन दिवस त्या मला शिकवत होत्या. पापड कधी उचलायचे, मिरच्यांना कधी हात फिरवायचा, साटांची मच्छरदाणी कुठल्या बाजूने उचलायची. आणि पुन्हा पुन्हा एकच: ‘मळब आयल्यार पयलीं सोलां.’ आभाळ आलं तर आधी सोलं. परीक्षेला बसवल्यासारखं त्यांनी ते माझ्याकडून म्हणवूनही घेतलं.

त्या सकाळी त्या निळं इरकल नेसल्या, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळला. नवऱ्याने गाडी काढली. मुलांनी आजीला पुढे खिडकीपाशी बसवलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि सोळा वर्षांत पहिल्यांदाच मेमधल्या त्या घरात मी एकटी उरले.

वाटलं होतं, एखादं पुस्तक वाचून होईल. दहाव्या मिनिटाला कावळा पापडांवर आला. त्याला हुसकावून परतले तोवर कोंबड्या. नऊला पापड उलटले, साडेदहाला उचलले. मिरच्यांना हात फिरवला आणि चुकून तोच हात कपाळाला लागला. पाऊण तास आग होत होती. साटांची मच्छरदाणी उचलून पाहिली. फणसाचा रस कालपर्यंत थलथलत होता, तो आता काठाकडून सुटू लागला होता. नखाने कड उचलली तर मधासारख्या रंगाचा पातळ पडदा वर आला, उन्हात धरला तर पलीकडचं तुळशीवृंदावन दिसलं. किती सुंदर दिसत होतं ते! आई वर्षानुवर्षं हे एकट्या बघत आल्या होत्या. दुपारी जेवायला बसले ते दारातच, ताट मांडीवर घेऊन, नजर अंगणावर. त्याही अशाच जेवत असणार. संध्याकाळी परतल्यावर मी त्यांना कधी तरी विचारलं होतं का, तुम्ही जेवलात कधी?

साडेतीनच्या सुमाराला वारा पडला. मग झुवारीच्या बाजूने एकदम गार झुळूक आली आणि नारळाची झावळं उलटी व्हायला लागली. पश्चिमेला आभाळ शाईसारखं झालं होतं. ‘पयलीं सोलां’ हे माझ्या तोंडाने आपोआप म्हटलं गेलं. दोन सुपं, तीन पराती, एक ताडपत्री. सोलं आत. मग साटं, आडवी धरून, वाकू न देता, एकेक ताट. सुंगटांची टोपली. पहिले थेंब पडले तेव्हा मी शेवटचं ताट घेऊन ओसरीच्या पायरीवर होते. धापा टाकत खांबाला टेकून बसले. मातीचा वास आला, पत्र्यावर ताशा वाजू लागला, आणि सगळं वाचलं याचा आनंद इतका झाला की एकटीच हसले.

पाऊस दहा-बारा मिनिटंच पडला. थांबल्यावर लक्षात आलं की मिरच्या गच्चीवर होत्या. मडगावाहून पारखून आणलेली, मुठीत बिया वाजणारी खोल्याची मिरची. धावत वर गेले. लाल पाण्यात तरंगत होत्या.

संध्याकाळी साडेसहाला गाडी आली. मुलं एकदम बोलत उतरली. आई मागून सावकाश. हातात दोन नीरफणस, त्यांच्या भावजयीने दिलेले. ओसरीवर पाय ठेवताच त्यांनी नजरेने सगळं मोजलं: सोलं, साटं, सुंगटं, पापडाचा डबा. मग कोपऱ्यातल्या फडक्यावर पसरलेल्या ओल्या मिरच्यांपाशी थांबल्या. मी म्हणाले, ‘आई, गच्चीवरच्या राहिल्या माझ्याकडून.’ त्या काही बोलल्या नाहीत. साडी बदलली, मागीलदारी गेल्या, चूल पेटवली. निखारे झाल्यावर त्यावर राख पसरली, वर जुनी लोखंडी जाळी, जाळीवर मिरच्या. ‘ये, बस,’ म्हणाल्या. एक पाट मला दिला.

मग त्या बोलू लागल्या. सोळा वर्षांत मी त्यांना सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. फेरीबोटीत सगळे गाडीतच बसले होते, त्या मात्र उतरल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या लहानपणी दिवाडीहून नार्वेला होडीने यायचे. होडी काठाला टेकताना लहान मुलांना उचलून चिखलापलीकडे ठेवायचे, तो उचलणारा माणूस त्यांना अजून आठवतो. सप्तकोटेश्वराचं मूळ ठाणं दिवाडीवरच होतं. तिथे देऊळ मोडलं तेव्हा देव नदी ओलांडून नार्वेला आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नार्वेचं देऊळ बांधून घेतलं. हे सगळं त्यांनी फेरीत चारही मुलांना सांगितलं होतं. भाच्याने विचारलं म्हणे, ‘मग देवही आजीसारखाच होडीतून गेला?’ हे सांगताना आईंचा चेहरा उजळला. देवळातली दीपमाळ, लिंगावरची मुखवट्याची पूजा, पुजाऱ्यांनी ओळखून नावाने मारलेली हाक. बालमैत्रीण भेटली, तिला आता कमी दिसतं, तिने हात चाचपून ओळखलं. ‘भिरंडाचे हात,’ म्हणाली ती. आईंनी आपली लाल बोटं चुलीच्या उजेडात समोर धरली, आणि या वेळी ती पदराखाली घेतली नाहीत.

‘न्हंय तशीच आसा,’ त्या म्हणाल्या. नदी तशीच आहे.

मिरच्यांचा ठसका उठत होता. दोघीही खोकत होतो, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण उठावंसं दोघींनाही वाटलं नाही. आई चिमट्याने एकेक मिरची उलटत होत्या. मधूनच एक कानाशी धरून हलवायच्या, मान हलवून परत ठेवायच्या. नवाच्या सुमाराला एक मिरची त्यांनी माझ्या कानाशी धरली. आत बारीकसं काहीतरी वाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन मागीलदारी गेले. आई सोलांना पुढचं पूट द्यायच्या तयारीत होत्या. परातीतल्या लाल पाण्यात हात घालून, मान वर न करता त्यांनी विचारलं,

‘आयतारा खंय वचपाचें?’ रविवारी कुठे जायचं?